दोन हजारांच्या आतले इअरबड्स: घेताना आणि घेतल्यावर आठवडाभरात काय काय तपासायचं

हजार ते दोन हजार रुपयांतल्या इअरबड्सच्या खोक्यावर जे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्यांचा रोजच्या ऐकण्याशी फारसा संबंध नसतो. १३ एमएमचा ड्रायव्हर (आतला बारीक स्पीकर), ६० तासांची बॅटरी, ब्लूटूथ ५.३, चार माइकचं ईएनसी (कॉलमधला गोंगाट कमी करणं), हे सगळं सातशे रुपयांच्या खोक्यावरही सापडतं. या किमतीत खरा फरक चार गोष्टींत पडतो: कानात नीट बसतात का, समोरच्याला आपलं बोलणं कळतं का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, आणि आपल्याकडच्या धुळीत नि मे महिन्याच्या उन्हात ते वर्षभर टिकतात का. यातलं एकही खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते वापरूनच तपासावं लागतं, आणि तेही वस्तू बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत.

दुकानातली दहा मिनिटं

जळगावचं गोलाणी मार्केट असो की तालुक्याच्या बसस्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान, आधी एकच विचारा: वॉरंटी कंपनीची की दुकानाची? 'टेस्टिंग वॉरंटी' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ सरळ आहे. दुकानात वाजवून दाखवतील, पायरी उतरल्यावर जबाबदारी तुमची. दोन-तीनशे रुपयांच्या मालाला ते चालून जातं, बाराशेच्या मालाला नाही.

खोक्याच्या मागच्या बाजूला पुढच्या गोष्टी हव्यात: एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कंपनीचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, ग्राहक सेवेचा नंबर, आणि बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या चिन्हाखाली 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. 'बीआयएस केअर' हे सरकारी अ‍ॅप फुकट आहे. त्यात हा क्रमांक टाकला की तो कोणत्या कारखान्याला, कोणत्या ब्रँडच्या कोणत्या वस्तूसाठी दिला आहे ते दिसतं. कारखान्याचं नाव वेगळं असू शकतं, पण ब्रँड किंवा वस्तू दुसरीच निघाली तर खोका परत ठेवा.

उत्पादनाचा महिना लोक सहसा पाहत नाहीत, पण तो पाहाच. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी आतून हळूहळू रिकामी होते. दीड-दोन वर्षं दुकानात पडून राहिलेल्या डबीतल्या (बड ज्यात ठेवून चार्ज होतात ती) बडची बॅटरी इतकी खाली जाऊ शकते की पुढे ती पूर्ण क्षमतेनं चार्जच होत नाही. असा माल 'ऑफर'मध्ये हमखास दिसतो.

पांढऱ्या रंगाची, नामांकित कंपनीसारखी दिसणारी डबी हजारात मिळत असेल तर ती नक्कल आहे. डबी उघडल्यावर फोनवर मूळ मालासारखं चित्र उमटतं, म्हणून माल खरा, असं दुकानदार सांगेल. ते चित्र नकली चिपसुद्धा दाखवते.

बिल पक्कं घ्या, जीएसटी क्रमांकासह, आणि बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. ऑनलाइन मागवणार असाल तर दोन गोष्टी आधी पाहा. परतीच्या रकान्यात 'रिटर्न' लिहिलंय की नुसतं 'रिप्लेसमेंट'? इअरबड्सना बहुतेक वेळा दुसरंच असतं, म्हणजे पसंत पडले नाहीत तरी पैसे परत नाहीत. दुसरं, कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून सेवा कशी मिळते ते बघा. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, बोदवड अशा ठिकाणच्यांनी तर नक्की बघावं. काही कंपन्या घरून कुरिअरनं उचलतात, काही जवळच्या मोठ्या शहरातल्या केंद्रावर बोलावतात. हजाराच्या वस्तूसाठी दोनदा एसटीचं भाडं आणि दिवसाची रजा परवडत नाही. पार्सल उघडताना चिकटपट्टी फाडण्यापासून बड वाजेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढून ठेवा.

कानात बसणं: इथंच निम्मा निकाल लागतो

इअरबड्स दोन प्रकारचे येतात. एकात पुढे सिलिकॉनचं रबर असतं आणि ते कानाच्या भोकात जातं. दुसऱ्याला रबर नसतं, नुसतं कानाच्या खोबणीत टेकतं. रबरवाल्यांत बेस जास्त आणि बाहेरचा गोंगाट कमी. बिनरबराचे दिवसभर घातले तरी कान दुखत नाहीत आणि मागून येणारी गाडी, कोणी मारलेली हाक ऐकू येते. शेतात, गोठ्यात, दुकानाच्या गल्ल्यावर बसून वापरायचे असतील तर बिनरबराचे घ्या. एसटीत, रेल्वेत किंवा अभ्यासाला हवे असतील तर रबरवाले. मोटारसायकल चालवताना कोणतेच नाहीत.

रबरवाल्यांबरोबर लहान, मध्यम, मोठे असे तीन जोड मिळतात. बहुतेक जण मध्यम लागलेलं असतं तेच ठेवतात आणि मग 'बेसच नाही' म्हणतात. पद्धत अशी:

१. कानाची पाळी दुसऱ्या हातानं किंचित वर-मागे ओढा, बड आत घाला, आणि मग थोडासा फिरवून बसवा.

२. यूट्यूबवर ५० हर्ट्झचा टोन शोधून कमी आवाजात लावा. बडवर बोटानं हलकं दाबा. दाबल्यावर घुमणं एकदम वाढलं तर फट राहते आहे, मोठं रबर लावा. फरक पडला नाही तर माप बरोबर.

३. तोंड पाच-सहा वेळा मोठं उघडून मिटा, मान हलवा, जिना उतरा. बड सैल होत असेल तर माप लहान पडतंय.

४. अर्धा तास घालून ठेवा. भोकाच्या आत दुखत असेल तर रबर मोठं झालं. बाहेरच्या खोबणीत दुखत असेल तर बडचा आकारच तुमच्या कानाला नाही, रबर बदलून उपयोग नाही.

दोन्ही कान सारखे नसतात. एकात मध्यम आणि एकात मोठं रबर लागणं अगदी नेहमीचं आहे.

आवाज

आधी फोनमधलं डॉल्बी, बेस बूस्ट, इक्वलायझर सगळं बंद करा, नाहीतर परीक्षा फोनची होते. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा दर्जा 'हाय'वर ठेवा. व्हॉल्यूम निम्म्यावर.

पहिली तपासणी डाव्या-उजव्याची. फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांत एकच आवाज) असतो, तो चालू करा आणि कोणाचंही साधं बोलणं लावा, बातम्या चालतील. आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर दोन्ही बडची रबरं अदलाबदल करून पाहा. तरीही त्याच बाजूला सरकला तर बहुधा बडमध्येच दोष आहे, बदलून घ्या. तपासून झाल्यावर मोनो बंद करायला विसरू नका.

मग तीन वेगवेगळे आवाज लावा. आपल्याकडे यासाठी कीर्तनाच्या रेकॉर्डिंगइतकं सोयीचं काही नाही. मृदंगाची कणीक लावलेली डावी बाजू, म्हणजे धूम, खालचे स्वर तपासते. बुवांचा आवाज मधले स्वर आणि टाळ वरचे. धूम वाजली की तिचा घुमारा सुटा ऐकू यायला हवा. बुवांच्या शब्दांवर ती पसरत असेल तर बेस मुद्दाम फुगवलाय. या किमतीत हा दोष सर्वांत जास्त सापडतो, कारण दुकानात पहिल्या दहा सेकंदांत फुगवलेला बेसच भारी वाटतो. टाळ ऐकताना व्हॉल्यूम ७० टक्क्यांवर न्या. कानात टोचायला लागलं, किंवा टाळाच्या जागी नुसती 'स्स्स' ऐकू आली, तर वरचे स्वर चढवलेले आहेत. असे बड तासाभरात डोकं उठवतात.

दुसरा तुकडा लग्नात वाजतं तसं ठेक्याचं अहिराणी गाणं. व्हॉल्यूम ८० टक्के, फक्त अर्धा मिनिट. ढोलाच्या ठोक्याला आवाज फाटतो का, बडचं प्लास्टिक थरथरतं का, एवढंच पाहायचं. तिसरा तुकडा म्हणजे शांतता. गाणं थांबवून रात्री शांत खोलीत ऐका. सतत बारीक 'सूं' येत असेल तर तो चिपचा आवाज आहे. गाण्याखाली तो लपतो, पण कथाकथन किंवा प्रवचन ऐकणाऱ्याला तो नकोसा होतो.

ड्रायव्हरच्या एमएमचं काय, तर काही नाही. १० एमएमचा नीट जुळवलेला ड्रायव्हर १३ एमएमच्या बेढब ड्रायव्हरपेक्षा चांगला वाजतो. बेस थोडा जास्त असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून कमी करता येतो. अ‍ॅप जवळच्या उपकरणांची परवानगी मागेल, जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनही मागेल. ब्लूटूथ शोधायला ते लागतं. कॉन्टॅक्ट्स मागितले तर नाही म्हणा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज त्यापुढे चढला की वेळ झपाट्यानं कमी होते. एसटीच्या खडखडाटावर मात करायला व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या वर न्यावा लागत असेल, तर रबर चुकलंय किंवा बड त्या कामाचे नाहीत.

कॉल: खोक्यावरच्या माइकवर जाऊ नका

गाणं ऐकताना फोन ब्लूटूथच्या एका पद्धतीनं आवाज पाठवतो, कॉल लागला की दुसऱ्या पद्धतीवर जातो. या दुसऱ्या पद्धतीत बोलण्याचा बराचसा वरचा भाग कापला जातो. साध्या, जुन्या कोडेकवर (आवाज आवळून पाठवायची पद्धत) ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. 'स', 'श', 'छ' यांची धार तर बरीचशी त्याच्या वरच असते. म्हणून गाणं छान वाजवणाऱ्या बडवर कॉल घेतला की समोरचा 'काय? काय म्हणाला?' करत बसतो.

तपासणी व्हॉइस रेकॉर्डरवर करू नका. बरीच अ‍ॅप्स बड लावले असले तरी फोनचाच माइक वापरतात. तसं होतंय का हे कळायला सोपा उपाय आहे: रेकॉर्डिंग चालू असताना बडवर नखानं खरडा. खरखर रेकॉर्ड झाली तरच बडचा माइक चालू होता.

खरा कॉल लावा. घरातलाच दुसरा फोन एखाद्याच्या हातात देऊन त्याला दूर पाठवा आणि त्याला आकडे लिहून घ्यायला सांगा. तुम्ही म्हणा: 'सात हजार साठ, सहासष्ट, सदुसष्ट, सत्तावन्न, सत्त्याहत्तर, पासष्ट, छप्पन्न.' मराठी आकड्यांत 'स', 'ष्ट', 'ठ' इतके ठासून भरलेत की यापेक्षा कठीण पेपर नाही. केळीचा किंवा कापसाचा भाव फोनवर ठरवणाऱ्याला सात आणि साठमधला फरक किती रुपयांचा पडतो हे सांगायला नको. हीच यादी चार ठिकाणी म्हणा: बंद खोलीत, चालू कूलरच्या बाजूला, पिठाच्या गिरणीपाशी किंवा बसस्टँडवर, आणि उघड्यावर वाऱ्यात. एकदा साध्या कॉलवर, एकदा व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर. खोलीत सगळे आकडे बरोबर आणि गिरणीपाशी दोन-तीन चुकले, तर या किमतीत तो चांगला निकाल समजा. खोलीतच चुकले तर बड परत करा.

ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधला गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा समोरच्याला, तुम्हाला नाही. हलक्या चिपवर ते गोंगाटाबरोबर शब्दाचं पहिलं अक्षरही खातं, 'हॅलो'चं 'लो' होतं. समोरच्याला विचारा की वाक्याची सुरुवात तुटते का. तुटत असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून ईएनसी बंद होतंय का पाहा.

शेवटी एकेक बड डबीत ठेवून एकट्या डाव्यावर आणि एकट्या उजव्यावर कॉल करा. काही मॉडेलांत एका बाजूचा माइक स्पष्टपणे कमी असतो.

एएनसी आणि कूलर

एएनसी बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या उलटा आवाज कानात सोडतं. सतत येणारा खालचा घरघराट त्यानं कमी होतो. बोलणं, हॉर्न, भांड्यांचा आवाज फारसा कमी होत नाही. हे ध्यानात ठेवूनच तपासा, नाहीतर 'एएनसी चालत नाही' असा गैरसमज होतो.

आपल्याकडे चाचणीसाठी लोखंडी कूलर घरोघरी आहे. त्याच्या बाजूला बसा, समोर नको. समोर बसलात तर वारा थेट बडच्या बाहेरच्या माइकवर आदळतो आणि एएनसी तो वारा आवाज समजून उलट भकभक करतं. बाजूला बसून गाणं न लावता एएनसी चालू-बंद करा. पंख्याची घरघर खाली बसायला हवी. पाण्याची टपटप आणि वाऱ्याचं सळसळणं तसंच राहील, ते बरोबर आहे. चालू केल्यावर घरघर तशीच आणि वर नवीन 'सूं' आली, तर ते एएनसी नावापुरतं आहे. बिनरबराच्या बडमध्ये एएनसीसाठी जादा पैसे देऊ नका. फटीतून आवाज आत येतच राहतो.

हजाराच्या आसपास एएनसीवाला आणि बिनएएनसीचा असे दोन पर्याय समोर असतील, तर दुसऱ्यात बहुधा माइक आणि बॅटरी बरी मिळते. भुसावळ-नाशिक किंवा नंदुरबार-सुरत असा रोजचा रेल्वेप्रवास असेल तरच एएनसीसाठी थोडे जास्त मोजा.

कनेक्शन आणि उशीर

फोन पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून चाला, आधी उजव्या, मग डाव्या. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतं ते तरंग शरीरातल्या पाण्यात अडतात. हलक्या अँटेनाचा बड इथेच तुटक वाजायला लागतो. मग फोन खोलीत ठेवून बाहेर जा. विटांच्या एका भिंतीपलीकडे आवाज टिकला पाहिजे. धाब्याच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे टिकला नाही तर तक्रार करू नका.

यूट्यूबवर ओठ आणि आवाज जुळत असतील तर उशीर नाही असं समजू नका. बरीच व्हिडिओ अ‍ॅप्स चित्र मागे ठेवून जुळवून घेतात. खरा उशीर गेममध्ये किंवा कीबोर्डच्या टकटकीत कळतो. गेम खेळत नसाल तर हा मुद्दा सोडून द्या.

बॅटरीचा हिशेब

खोक्यावरचे ५०-६० तास डबीसकट असतात, आणि तेही एएनसी बंद, व्हॉल्यूम निम्म्यावर धरून. हिशेब घरी करता येतो. बॅटरीत किती वीज मावते ते एमएएचमध्ये लिहितात. समजा डबी ४०० एमएएचची आणि एकेक बड ३५ एमएएचचा. डबीतून बडमध्ये जाताना साधारण पाव हिस्सा वाया जातो, म्हणजे ३०० उरले. दोन बडना मिळून ७० लागतात, म्हणजे चार वेळा भरतील. बड एकदा भरल्यावर सहा तास चालत असतील तर पहिले सहा आणि नंतरचे चोवीस, असे ३० तास. ६० लिहिलं असेल तर समजून घ्या.

मोजायची पद्धत: दोन्ही बड १०० टक्के भरा, व्हॉल्यूम ६० टक्के, गाणी लावून सोडा आणि बंद पडण्याची वेळ लिहा. दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचा फरक ठीक. एक बड तासभर आधी गेला तर बदलून घ्या, पुढे तो फरक वाढतच जातो. कॉलवर बॅटरी गाण्यापेक्षा लवकर संपते, तिची वेळ वेगळी पाहा.

दुसरी चाचणी रात्रीची. बड भरून डबीत ठेवा, टक्के लिहा, सकाळी पाहा. एक बड उतरलेला निघाला तर तो डबीत टेकत नाहीये आणि रात्रभर फोनला जोडलेलाच राहतोय. पिना पुसूनही तसंच झालं तर डबी सदोष.

टाइप-सी भोक असलेली काही स्वस्त डबी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाही. आत लागणारे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला पलीकडे काही जोडलंय हे कळतच नाही. डबी मेली असं समजण्याआधी एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून पाहा.

ऊन, धूळ, घाम

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथे पोचतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर तो कितीतरी वर जातो. उन्हाळ्यात डबी पहाटे किंवा रात्री चार्ज करा, पत्र्याच्या खोलीत दुपारी नको. उन्हातून आणलेली डबी आधी अर्धा तास सावलीत ठेवा. डबीचं झाकण फुगून नीट बसेनासं झालं तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा.

खोक्यावरचा आयपी आकडा धूळ-पाणी किती सोसेल ते सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसेल. त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये किंवा शेतात वापरायचे असतील तर आयपी५४ किंवा आयपी५५ लिहिलेले शोधा. हा आकडा बहुधा फक्त बडचा असतो, डबीचा नाही. ओला बड डबीत टाकू नका.

एका बाजूचा बड वर्षभरात बंद पडण्याचं एक मोठं कारण घाम. बडच्या चार्जिंगच्या सोनेरी ठिपक्यांवर घामाचं मीठ राहतं आणि डबीतल्या विजेनं ते ठिपके काळे पडत जातात. व्यायाम किंवा शेतकाम झालं की सुती कापडानं पुसूनच बड डबीत ठेवा. पंधरवड्यातून एकदा कापसाच्या काडीवर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ठिपके आणि डबीतल्या पिना पुसा. कापसाचा तंतू पिनेत अडकू देऊ नका.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर बहुधा जाळीत मळ बसलेला असतो. रबर काढा, जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं झाडा. जाळी वर करून झाडलं तर मळ आत जातो. सुई घातली की जाळी फाटली आणि वॉरंटीही गेली.

एकच बड जोडला जात नसेल तर फोनमधून नाव 'फरगेट' करा, दोन्ही बड डबीत ठेवा आणि माहितीपत्रकात दिलंय तितके सेकंद बटण दाबून रिसेट करा. पुष्कळ 'खराब' बड एवढ्यानंच सुरू होतात.

तक्रार करायची वेळ आली तर

दोष दिसला की त्याचा छोटा व्हिडिओ काढा: दोन्ही बड डबीत, दिवे दिसतायत, एक पेटत नाहीये. बिल, खोक्यावरचा सिरियल नंबर आणि व्हिडिओ एकत्र पाठवला तर वेळ वाचतो. नुसत्या फोनवर विसंबू नका, तक्रार क्रमांक लेखी घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. खोका वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. बहुतेक मॉडेलांत सिरियल नंबर फक्त खोक्याच्या स्टिकरवर नीट वाचता येतो, डबीवरचा दोन महिन्यांत पुसला जातो.